पाण्याचं पाणी जोखताना

नळाला पाणी आलं की आमच्या गल्लीत दोन हाका एकदम उठतात. वरच्या अंगाला 'पाणी आलं गं!' आणि खालच्या अंगाला 'नीर बंतु!' मग बादल्या, घागरी, पिंपं यांची एकच धांदल. कुठली हाक कुठल्या घरातून आली हे पाण्याला ठाऊक नसतं. ते दोन्हीकडे सारखंच वाहतं. माझ्या घरात तर दोन्ही हाका एकाच दारातून निघतात, कारण माझी सून धारवाडची. तिची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, मला लाडानं 'बीगती' म्हणतात आणि मीही त्यांना तेच म्हणते. आमचं दोघींचं पुष्कळ बाबतीत पटत नाही. सार कसं करावं यावर पटत नाही, बाळंतिणीला काय द्यावं यावर पटत नाही. पण एका बाबतीत आमचं एकमत होतं, ते म्हणजे पाणी. शंका आली की पाणी उकळून प्यावं.

माझी आई पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची, गाळ खाली बसला की वरचं पाणी दुपदरी पंचातून गाळायची आणि खळखळून उकळायची. विहीणबाईंच्या आईचंही तेच. 'नीर कुदिसि कुडीरि' हे त्यांनी आईच्या तोंडून ऐकलेलं वाक्य त्या आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. कावीळ, हगवण, टायफॉईड यांच्याविरुद्ध आपल्या आज्यांनी लढलेली ही लढाई आहे आणि ती त्यांनी पुष्कळ अंशी जिंकली आहे. म्हणून आज मी जे सांगणार आहे ते ऐकून कुणी उकळणं सोडू नका. पण एक पाणी असं असतं की जिथं ही लढाई उपयोगाची नाही. ते मला कसं कळलं त्याची ही गोष्ट.

२०१४ सालचा २ ऑगस्ट, शनिवार. मुलगा आणि सून तेव्हा अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलेडो या गावी राहत होते. नातू तीन महिन्यांचा. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास मुलाचा फोन आला. तिकडे सकाळचे आठ वाजलेले.

''आई, इथं नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगितलंय. पहाटे दोनला जाहीर केलं.''

मी हसलेच. म्हटलं, ''अरे, अमेरिकेत ना तू? एवढंच ना, मग वीस मिनिटं खळखळून उकळ आणि गार करून प्या. बाळालाही तेच द्या.''

''आई, उकळूसुद्धा नका म्हणतायत. उकळलं तर आणखी वाईट.''

मला वाटलं, फोनवर नीट ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं. त्यानं तेच सांगितलं. तेवढ्यात सुनेनं फोन घेतला. तिचा आवाज कापत होता. ''अत्ती, अम्मा पण आत्ता हेच म्हणाली, कुदिसि कुडसु म्हणून. पण इथं स्पष्ट सांगितलंय, उकळायचं नाही. पाण्यात विष आलंय. आणि अत्ती, बाळाची रात्री अकराची बाटली मी त्याच पाण्यात केली होती.''

एकाच तासात दोन आज्यांनी दोन भाषांत एकच सल्ला दिला आणि दोघींचाही चुकला. मी फोन ठेवून देवघरासमोर जाऊन बसले. काय करायचं ते सुचेना. इतक्या वर्षांचा माझा एक खात्रीचा उपाय कुणीतरी हातातून काढून घेतल्यासारखं झालं.

पुढं सगळं ठीक झालं, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही जीव मुठीत धरून वाचाल. डॉक्टरांनी बाळाला तपासलं, त्याला काही झालं नव्हतं. पण ते तीन दिवस त्या गावानं काय काढले! चार ते पाच लाख माणसांचं पाणी एका रात्रीत बंद. प्यायचं नाही, स्वयंपाकाला घ्यायचं नाही, दात घासायचे नाहीत, कुत्र्या-मांजरांना पाजायचं नाही. लहान मुलांनी आणि आजारी माणसांनी अंघोळसुद्धा टाळायची. दुकानांतल्या पाण्याच्या बाटल्या सकाळ व्हायच्या आत संपल्या. मुलगा गाडी काढून तासभर लांबच्या गावी गेला आणि बाटल्या घेऊन आला. राज्याच्या गव्हर्नरांनी आणीबाणी जाहीर केली, नॅशनल गार्डचे जवान पाणी वाटायला आले. ४ ऑगस्टला, सोमवारी सकाळी, महापौर डी. मायकेल कॉलिन्स यांनी लोकांसमोर नळाचं पाणी पेल्यात घेऊन पिऊन दाखवलं, तेव्हा बंदी उठली.

आता, असं झालं तरी काय होतं? टोलेडो गावाचं पाणी येतं ते ईरी नावाच्या सरोवरातून. सरोवर कसलं, समुद्रच तो. पण त्याचा पश्चिमेकडचा भाग उथळ आहे. मॉमी नावाची नदी तिथं येऊन मिळते आणि येताना मैलोगणती शेतांमधलं खत घेऊन येते. मका आणि सोयाबीनची ती शेतं. खतातला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, पावसाबरोबर नदीत आणि नदीबरोबर सरोवरात. उन्हाळा, उथळ कोमट पाणी, वारा पडलेला आणि वर हे खत! मग पाण्यात शेवाळाचं पीक येतं. हे पीक कुणी पेरलेलं नसतं आणि कापायला कुणी येत नाही.

या शेवाळाला आपण मराठीत शेवाळ म्हणतो, कानडीत पाची. पण खरं म्हणजे हे विहिरीच्या पायऱ्यांवर पाय घसरवणारं आपलं नेहमीचं शेवाळ नव्हे. शास्त्रज्ञ त्याला निळं-हिरवं शेवाळ म्हणत आणि आता सायानोबॅक्टेरिया म्हणतात, म्हणजे ते जिवाणूंच्या घराण्यातलं. त्यातला मायक्रोसिस्टिस नावाचा प्रकार मोठा लबाड. त्याच्या पेशीत हवेच्या बारीक पोकळ्या असतात. त्यांच्या जोरावर तो उन्हासाठी वर तरंगतो आणि पुन्हा खाली उतरतो. सगळे मिळून वर आले की पाण्यावर कुणी हिरवा ऑइलपेंट ओतल्यासारखं दिसतं. त्याच्या पोटात मायक्रोसिस्टीन नावाचं विष तयार होऊ शकतं. ते यकृतावर जातं.

आणि उकळण्याचं काय? जंतू जिवंत असतो, तो उकळत्या पाण्यात मरतो. हे विष जिवंत नाही, त्याला मारणार कसं? चुलीच्या उष्णतेनं ते मोडतही नाही. उलट पाणी वाफ होऊन उडून जातं आणि विष भांड्यातच राहतं. आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून ती आणखी आटवली तर काय होईल? खारटपणा वाढेल की कमी होईल? झालं तर मग! हे मला तेव्हा मुलानं इंग्रजीतून तीनदा समजावलं होतं, डोक्यात शिरलं ते आमटीचं उदाहरण माझं मलाच सुचलं तेव्हा. विहीणबाईंना मी तेच कानडीत सांगितलं. त्या गप्प झाल्या, आणि मग म्हणाल्या, ''हंगादर, उकळायचंही नाही तर बायकांनी करायचं काय?''

प्रश्न बिनतोड होता. उत्तर असं की, हे विष घरात निवारायचं नसतंच. ते घरात येण्याआधी कळलं पाहिजे. सुनेला तर एकच टोचणी लागून राहिली होती: शुक्रवारच्या तपासणीत जर पाण्यात विष सापडलं होतं तर मला रात्री अकराला का कळलं नाही? तिला कळायला पहाटेचे दोन का वाजले?

याचं कारण तपासणीच्या पद्धतीत आहे. पाण्याचा नमुना घ्यायचा, प्रयोगशाळेत न्यायचा, तिथं काही तास चाचणी चालायची, आकडा जास्त आला तर खात्रीसाठी पुन्हा करायची. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९८ साली घालून दिलेली मर्यादा म्हणजे लिटरला १ मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे किती? दहा लाख लिटर पाण्यात एक ग्रॅम. इतकं बारीक मोजायचं तर वेळ हा लागणारच. आणि गंमत अशी की चाचणी चालू असताना पाणी काही थांबून राहत नाही. ते नळातून घरात, घरातून बाटलीत जात असतं.

त्यातून हे शेवाळ एका जागी बसणारं नाही. कधी वर, कधी खाली. वारा फिरला की या काठाचं त्या काठाला. टोलेडोचं पाणी किनाऱ्यापासून सुमारे ५ किलोमीटर आत सरोवरातून उचललं जातं. त्या वेळी वाऱ्यानं शेवाळ तिकडं लोटलं आणि ढवळून खाली, पाणी उचलण्याच्या तोंडापर्यंत नेलं. महिन्यातून एकदा बाटली भरून तपासायची पद्धत अशा पाहुण्याला कशी पकडणार? आपलं साप्ताहिक आठवड्यातून एकदा येतं. गावात आग लागली हे तुम्हाला साप्ताहिकातून कळून चालेल का?

म्हणून तिथल्या लोकांनी पाण्यातच राखणदार बसवले. सरोवराच्या पश्चिम भागात ठिकठिकाणी पिवळ्या तरत्या पिंपांसारखी यंत्रं सोडली आहेत, त्यांना बॉय म्हणतात. वर सौरऊर्जेचे पत्रे, खाली पाण्यात बुडालेले संवेदक. दर काही मिनिटांनी ते पाणी मोजतात आणि आकडा बिनतारी यंत्रणेनं किनाऱ्यावर पाठवतात. जलशुद्धीकरण केंद्रातला माणूस तो आकडा खुर्चीत बसून बघतो.

ते मोजतात काय? मला हे फार आवडलं, म्हणून सांगते. निळ्या-हिरव्या शेवाळात फायकोसायनिन नावाचं एक निळं रंगद्रव्य असतं. साध्या हिरव्या शेवाळात ते नसतं. त्यावर नारिंगी उजेड टाकला की ते तांबड्या रंगात उजळतं. संवेदक पाण्यात नारिंगी उजेड टाकतो आणि परत येणारा तांबडा उजेड मोजतो. उजेड जास्त, तर शेवाळ जास्त. म्हणजे चोराच्या अंगावरचा कपडाच अंधारात चमकतो म्हणा ना! शिवाय दिवसा शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातं, त्यामुळे पाण्याचा अल्कपणा वाढतो. प्राणवायू दिवसा वाढतो, रात्री घटतो. हे चढउतार रोजच्यापेक्षा मोठे व्हायला लागले की समजायचं, पाण्यात काहीतरी शिजतंय. आकाशातून उपग्रहही बघत असतात. टोलेडोच्या आधीही ती चित्रं मिळत होती. आता युरोपचे सेंटिनेल उपग्रह सरोवरांची चित्रं पाठवतात आणि ती कुणालाही फुकट बघता येतात. पण वर ढग असले की त्यांचे डोळे बंद, आणि पाण्याच्या पोटात खोलवर काय चाललंय ते त्यांना दिसत नाही. म्हणून आकाशातला डोळाही हवा आणि पाण्यातलाही.

आता यातली खोटही सांगायला हवी. हा संवेदक शेवाळ मोजतो, विष मोजत नाही. प्रत्येक शेवाळ विषारी नसतं, आणि आज बिनविषारी असलेलं उद्या विषारी होणार नाही असंही नाही. तळाच्या गाढवी चिखलानं संवेदक फसतो, त्याच्या काचेवरच शेवाळ चढलं तर खोटा आकडा देतो. म्हणून त्यावर स्वतःला पुसणारा छोटा ब्रश बसवलेला असतो. थोडक्यात, हा राखणदार 'चोर आला' असं सांगत नाही, 'कुत्री भुंकताहेत, उठा' एवढंच सांगतो. उठून कंदील घेऊन बघायचं काम माणसाचंच. पण ते उठवणं फार मोलाचं आहे. कारण वेळेवर कळलं तर केंद्रातल्या माणसाच्या हातात उपाय असतात. पेशी अखंड असतील तर त्या तुरटीनं बसवून गाळून काढता येतात, पोटातल्या विषासकट. सुरुवातीलाच क्लोरीन जास्त घातलं तर मात्र पेशी फुटतात आणि विष पाण्यात मोकळं होतं, ते गाळण्यात सापडत नाही. मग कोळशाची खास पूड घालून ते शोषून घ्यावं लागतं. म्हणजे आधी काय घालायचं आणि नंतर काय, हे सगळं वेळेवर कळण्यावर आहे.

टोलेडोला आधी इशारा मिळाला नव्हता असंही नाही. वर्षभर आधी, सप्टेंबर २०१३ मध्ये, त्याच सरोवराकाठच्या कॅरोल टाउनशिप नावाच्या सुमारे २००० वस्तीच्या गावात पाण्यात हेच विष सापडून नळ बंद ठेवावे लागले होते. गाव लहान होतं, बातमी लहान झाली. २००७ च्या मे महिन्यात चीनमधल्या ताइहू सरोवरात शेवाळ माजलं आणि वूशी शहरातल्या सुमारे २० लाख लोकांच्या नळाला घाण पाणी आलं. त्याहून जुनी आणि काळजाला घरं पाडणारी गोष्ट ब्राझीलमधल्या कारुआरू गावची आहे. १९९६ साली तिथल्या एका डायलिसिस केंद्रात या विषाचं पाणी वापरलं गेलं. डायलिसिसमध्ये पाणी रक्ताला भिडतं. पोटात जाऊन थोडंफार अडायचं, तेही तिथं नाही. पन्नासाहून जास्त रुग्ण दगावले. मूत्रपिंडाच्या आजारातून वाचायला आलेली माणसं ती.

आणि एक गोष्ट ऑस्ट्रेलियाची. ती आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी जरूर वाचावी. १९७९ साली पाम आयलंड या बेटावरच्या धरणातल्या पाण्याला शेवाळाचा वास येऊ लागला, म्हणून त्यात मोरचूद टाकलं. मोरचूद, कानडीत मैलुतुत्त. आपल्याकडे द्राक्षाच्या बागेत बोर्डो मिश्रणाला लागतं तेच. शेवाळ मेलं. आणि थोड्याच दिवसांत बेटावरच्या १४८ जणांना यकृताचा आजार झाला. त्यात १३८ मुलं होती. मोरचुदानं शेवाळाच्या पेशी फोडल्या होत्या आणि पोटातलं विष पाण्यात मोकळं झालं होतं. म्हणजे घरातला साप मारायला जाऊन त्याचं विष पिठाच्या डब्यात सांडावं तशातली गत!

हे सगळं मी वाचून ठेवलं होतं आणि खरं सांगायचं तर विसरूनही गेले होते. आठवण करून दिली ती नातवानं. तोच, रात्री अकराच्या बाटलीचा. आता तो माझ्या खांद्याला लागलाय. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो इकडे आला, तेव्हा आम्ही चिकोडीकडं वन्संच्या गावी गेलो. गावाबाहेर तळं आहे. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा गेले तेव्हा त्यात तळ दिसायचा. आता भोवती चहूकडं ऊस. पाऊस झाला की शेतातलं पाणी थेट तळ्यात. वन्सं म्हणाल्या, ''वहिनी, गेल्या वैशाखात तळं हिरवंगार झालतं बघा. रंग कालवल्यासारखं. आमची एक म्हैस तिथंच पाणी प्याली आणि दुसऱ्या दिवशी गेली. गाभण होती हो.''

''कशानं गेली?'' नातवानं विचारलं.

''कुणाला ठाऊक बाळा. साप चावला म्हणाले. कुणी दृष्ट लागली म्हणाले.''

''पाणी कुणी तपासलं नाही?''

वन्सं माझ्याकडं बघत राहिल्या. तळ्याचं पाणी तपासतात हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मग नातू मला इंग्रजी-मराठीची खिचडी करून सांगू लागला, की अज्जी, आमच्या शाळेनं आम्हाला लेकवर नेलं होतं, तिथं बॉय दाखवला, तो दर पंधरा मिनिटांनी पाणी मोजतो. आणि शेवटी म्हणाला, ''अज्जी, इथं कोण बघतं?''

मला उत्तर आलं नाही. म्हैस त्या पाण्यानंच गेली असं मी म्हणणार नाही. कदाचित सापच चावला असेल. पण कधीच कळणार नाही, कारण त्या दिवशी कुणी बघितलंच नाही. आणि त्याच तळ्यात गावची पोरं वैशाखात डुंबतात.

इथं एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर उद्या गल्लीत हाकाटी व्हायची. राकसकोपच्या किंवा हिडकलच्या पाण्यात विष आहे असं मी अजिबात म्हणत नाही. माझ्यापाशी तसा कसलाही पुरावा नाही आणि मी रोज तेच पाणी पिते. मी म्हणते ते इतकंच की, मार्कंडेय आणि घटप्रभा या दोन नद्यांवर आपलं शहर जगतं, आपला जिल्हा उसाचा आहे, उसाला डीएपीच्या गोणीच्या गोणी पडतात, आणि कोल्हापूरच्या रंकाळ्याचं पाणी हिरवं पडलेलं आपण सगळ्यांनीच कधी ना कधी बघितलंय. ईरी सरोवर आणि आपली तळी यांच्यात अंतर फार आहे, पण कारणं तीच आहेत. धरणाच्या पाण्यावर असा एखादा राखणदार तरंगत असावा, आणि त्याचा आकडा नगरसेवकालाच नव्हे तर गृहिणीलाही बघता यावा, ही मागणी काही फार मोठी नाही. धरण कुठल्या राज्यात आहे यावर भांडायला आपण सदैव तयार असतो. धरणात काय आहे यासाठीही कधीतरी दोन्ही भाषांत एकत्र विचारू या.

पण मागणी पुरी होईपर्यंत हातावर हात धरून बसायचं का? नातवानं आणि मी मिळून वन्संच्या गावातल्या हायस्कूलच्या सरांना गाठलं. त्यांना एक जुना खेळ सांगितला. १८६५ साली आंजेलो सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरूनं पांढरी तबकडी दोरीला बांधून समुद्रात सोडली आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजलं. आजही जगभर पाण्याचा गढूळपणा असाच मोजतात. आम्ही स्टीलची ताटली पांढरी रंगवली, मध्ये भोक पाडलं, खाली दगड बांधला आणि दोरीवर वीत-वीत अंतरावर गाठी मारल्या. आता नववीतली चार पोरं मास्तरांबरोबर आठवड्यातून दोनदा काठावर जातात आणि गाठी मोजून वहीत लिहितात. वही दोन भाषांत आहे, कारण वर्गही दोन भाषांचा आहे. गाठी एकदम कमी व्हायला लागल्या आणि पाणी हिरवं दिसलं, की जनावरं तळ्यावर न्यायची नाहीत असं ठरलंय. ही काही टोलेडोची यंत्रणा नव्हे. पण 'कोण बघतं?' या प्रश्नाला आता निदान चार नावं आहेत.

तुमच्याही गावात तळं असेल, परसात हौद असेल, तर या चार गोष्टी ध्यानात ठेवा. हिरवं पाणी दिसलं तर लांब काठी घालून वर उचला. धागे-धागे जाळीसारखे वर आले तर ते बहुधा साधं शेवाळ. काठीला नुसता रंग लागल्यासारखं झालं तर संशय धरा. किंवा रबरी मोजे घालून काचेच्या बरणीत पाणी घ्या आणि रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी हिरवा थर वर तरंगत असेल तर संशय पक्का, तळाला बसला असेल तर कमी. हा काही शेवटचा निवाडा नव्हे, तो प्रयोगशाळेचाच. संशय असेल तोवर त्या पाण्यात पोरं आणि जनावरं उतरू देऊ नका, ते उकळून प्यायच्या भरीस पडू नका, आणि मोरचूद तर मुळीच टाकू नका. घरावरच्या टाकीला नीट झाकण ठेवा, कारण ऊन नाही तिथं शेवाळ नाही. आणि शेतात खत घालताना मोठा पाऊस यायच्या आदल्या दिवशी घालू नका. ते तुमच्या उसाला लागत नाही, तळ्याला लागतं, आणि पैसे तुमचेच जातात.

मराठीत माणसाची परीक्षा घेण्याला 'पाणी जोखणं' म्हणतात. इतकी वर्षं आपण माणसांचं पाणी जोखत आलो, पाण्याचं पाणी जोखायचं मात्र राहून गेलं.

परवा वन्संचा फोन आला. म्हणाल्या, ''वहिनी, नवी म्हैस घेतलीय. पण तिला तळ्यावर नेत नाही हं अजून. पोरं म्हणतात गाठी चारच मोजल्या.'' मी विहीणबाईंना ही बातमी सांगितली. त्या म्हणाल्या, ''बीगती, मग आमच्याही गावच्या केरीत टाकू की एक ताटली.'' केरी म्हणजे तळं. स्टीलची एक जुनी ताटली मी त्यांच्यासाठी काढून ठेवली आहे.